वरून सांबार

उपकेंद्राच्या भिंतीवर तक्ता मीच रंगवला,
नोकरीच्या पहिल्याच महिन्यात.
पालक, शेवगा, गूळ, तीळ,
आणि हिरव्या ऑइलपेंटनं सगळ्यात ठळक
कोथिंबीर.
बायका यायच्या, पोटावर हात ठेवून उभ्या राहायच्या,
माना हलवायच्या.
तीन आठवड्यांनी प्रणाली नेवारेच्या सासूनं विचारलं,
"सिस्टर, हे कोथिंबीर कोठी भेटते व?
आर्वीच्या मेडिकलात पाह्यलं,
तो पोट्टा नुसता हासून राह्यला."

तेव्हा कळलं, इकडे तिला सांबार म्हणतात.
मी पुसलं काही नाही.
शेजारी लिहिलं: म्हणजेच सांबार.
अजून भिंतीवर दोन्ही नावं आहेत,
बाईचं एक माहेरचं असावं, एक सासरचं,
तशी.

बुधवारच्या बजारात पर्बताबाई कोहळे बसते.
पुढे ढेमसं, काटेरी वांगी, चवळीच्या शेंगा.
वास मात्र आधी येतो तो
ओल्या गोणपाटाखालचा.
तराजूत ती कुणाची नाही.
पाव किलो म्हणजे पाव किलो,
काटा हलला तर एक शेंग काढून घेते.
पण पिशवीचं तोंड मिटायच्या आत
तिची मूठ आत जाते, न मोजता.
"ने व माय. वरून सांबार."

मला जे ठाऊक होतं ते मी सांगत आले.
शिजवू नका, उतरवल्यावर घाला.
लिंबू पिळा, म्हणजे डाळीतलं लोह अंगी लागतं.
डोळ्यांना बरं. जेवणावर चहा नको.
आणि हेही, दर वेळी:
हे औषध नाही, बायांनो, भाजीवरची पानं आहेत.
गोळ्या बंद करायच्या नाहीत.

त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी मला शिकवलं.
मे महिन्यात, पत्र्याखाली,
मला लघवीला आग सुटली
तेव्हा प्रणालीची सासू न विचारता घेऊन आली
गडूभर धन्याचं पाणी,
रात्री ठेचून भिजवलेलं, खडीसाखर घातलेलं.
मी प्यायले.
मग लघवी तपासायलाही पाठवली, गुपचूप.

पर्बताबाई केंद्रात आली ती घेरी येऊन.
बोट धरलं. नखाच्या कडा हिरव्या.
स्पिरिटनं तीनदा पुसलं, हिरवा गेला नाही.
सुई टोचली.
थेंब आला तो
पळसफुलांच्या दुसऱ्या पाण्यासारखा.
सहा पूर्णांक आठ.

मी विचारलं, "तुम्ही खाता का सांबार?"
"इकाचं का खाचं, तूच सांग."
"उरलेला?"
"उरते कुठी? काड्या राह्यतात.
त्याचा ठेचा करते, जवसासंगं."

माझं भाषण तयार होतं, पाठ होतं.
काड्यांशी येऊन थांबलं.
आम्ही तक्त्यावर पानंच काढली होती.

पुढच्या बुधवारी अर्धा किलो ढेमसं घेतली.
तिनं पैसे मोजून कनवटीला लावले,
तेवढ्यात तिच्या थैलीत
लाल गोळ्यांच्या तीन पट्ट्या टाकल्या.
"हे काय?"
"वरून."
तिनं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली,
किंमत कुठे छापली नाही म्हणून
नाराज झाल्यासारखी.

मग ऊन तापलं. विहिरी खाली गेल्या.
जुडी चाळीस रुपयांना, तीही पिवळी.
बजारातल्या सगळ्या मुठी आखडल्या.
तिची मूठ बारीक झाली,
चार काड्या, कधी तीन,
पण पिशवीत गेली.

आषाढात पुन्हा बोट धरलं.
नऊ पूर्णांक एक.
गोळ्यांनी, की गूळशेंगदाण्यांनी, की कशानं,
रजिस्टरात तेवढा रकाना नाही.
मी म्हणाले, "खाल्लात ना सांबार?"

"सांबार तं लोकायचा आहे," ती म्हणाली,
आणि भिंतीकडे पाहून,
देवाचं नाव घ्यावं तसं एकेक अक्षर सांभाळत:
"म्या को-थिं-बीर खाल्ली."